अंगणातली हाक

माझा नवरा बैलांना नावानं हाक मारायचा. दोन बैल, दोन नावं, आणि प्रत्येक हाकेचा सूर निराळा. गाईला नाव होतं. गोमाई नदीच्या बाजूच्या शेतातल्या विहिरीलासुद्धा त्याच्या आजोबांनी ठेवलेलं नाव होतं, आणि "आज तिला पाणी कमी लागलं" हे तो त्या नावानिशी सांगायचा. काठी गावाकडचे डोंगर उतरून डिंक आणि चारोळी विकायला येणाऱ्या बायका शहाद्याच्या बाजारात बसत, त्यांतल्या निम्म्यांची नावं त्याला पाठ होती. नाव नव्हतं ते मला. मी 'अगं' होते, 'ऐकलं का' होते, आणि चारचौघांत 'आमच्या घरात' होते. पाहुण्यांना तो सांगायचा, "आमच्या घरात धुळ्याच्या आहेत." जशी काही घरातल्या एखाद्या कोनाड्यात धुळ्याहून आणलेली समई ठेवली आहे.

लिहिताना मी त्याला 'तो' म्हणणार आहे. घरात, सगळ्यांदेखत, एक सकाळ सोडली तर मी त्याला 'अहो'च म्हणते, आणि दोघंच असलो की 'तू'. ज्यांना हे टोचेल त्यांना टोचो.

आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यांच्या देखत नवऱ्यानं बायकोचं नाव उच्चारायचं नाही. बायकोनं तर नवऱ्याचं नाव घ्यायचंच नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं. लग्नात उखाण्यात एकदा काय ते. पुढे मूल झालं की सोय होते, बाई अमक्याची आई होते. आम्हाला मूल नव्हतं. तेव्हा ती उधारीची हाकही माझ्या वाट्याला नव्हती.

माझे वडील धुळ्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मी अक्षरं पुस्तकातून शिकले नाही, पत्रकांतून शिकले. दारू सोडा, खादी वापरा, सोवळं-ओवळं गाडून टाका. शाई ओली असलेले ते कागद वाळत घालायचं काम माझं होतं, आणि वाळत घालता घालता मी वाचायची. पत्रकात छापलं ते घरात पाळायचं, एवढंच आमच्याकडचं शिक्षण. म्हणून लग्न होऊन प्रकाशाजवळच्या या गावात आले तेव्हा दुसऱ्याच सकाळी मी अंगणाच्या या टोकावरून त्या टोकाला नवऱ्याचं नाव घेऊन खणखणीत हाक मारली, चहा झालाय म्हणून. थोरले दीर, दादा, खाटेवर बसले होते. ते उठले, चपला न घालताच बाहेर गेले. आणि माझी थोरली जाऊ, तिला मी जिजी म्हणते, तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"व माय! नवराले अशी हाक? जशी काय बैलले मारी ऱ्हायनी!"

"बैलाला निदान नाव तरी आहे," मी म्हणाले.

"त्यानं आयुष्य कमी व्हई, बाय."

"कुठे लिहिलंय?"

"बठ्ठं काय लिखेल ऱ्हास का?" असं म्हणून ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मी भांडायच्या तयारीत होते आणि ती हसत होती. त्या दिवसापासून ती मला आवडली नाही.

न आवडण्याचं खरं कारण दुसरं होतं. जिजी या घरात आली तेव्हा नऊवारीसुद्धा तिला सावरत नव्हती, आणि माझा नवरा रांगत होता. वर्षाच्या आत सासू गेली. मग त्याला जिजीनंच वाढवलं. तो तिला 'वैनी' म्हणतो, ती त्याला 'भाऊ' म्हणते, आणि त्या दोघांत अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्या मी येण्याआधी घडून गेल्या. एकानं अर्धं वाक्य बोलायचं आणि दुसऱ्यानं हसायचं. मी विचारलं तर "तुले नही समजाव" एवढंच.

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा मी एक पत्रक लिहिलं. विषय हाच. ज्या माणसाला नावानं हाक मारली जात नाही त्याचं मत विचारलं जात नाही. म्हणून प्रत्येक पुरुषानं आपल्या बायकोला घरात, थोरल्यांच्या देखत, नावानं बोलवावं. वडिलांनी ते छापून पाठवलं. माझा नवरा त्या काळात सभांमधून बोलायचा. आवाज असा की लोणखेड्याच्या सभेत मागच्या झाडाखाली बसलेल्याला पुढे सरकावं लागत नसे. माझं पत्रक त्यानं तिथे वाचून दाखवलं. बायकांच्या बाजूला बसून मी माझीच वाक्यं त्याच्या आवाजात ऐकत होते आणि अंगावर काटा येत होता. वाचून झालं, टाळ्या झाल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं,

"मंग तुन्ही बायकोनं नाव सांग ना!"

सभा हसली. त्यानं बायकांच्या बाजूला हात केला, मान खाली घातली, आणि म्हणाला, "आमच्या घरात त्या तिथे बसल्या आहेत."

परतताना गाडीत तोच बोलला. "दादा पुढे बसले होते. दादा-वैनीसमोर माझी जीभ वळत नाही."

"जिभेला काय झालंय?"

"काही झालं नाही. वळत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या जिभेला खरंच झालं. डाव्या कडेला, दाढेशी, एक बारीक व्रण. चुना लावून मळलेली तंबाखू तो तिथेच धरून ठेवायचा. त्या तंबाखूच्या डबीचा मी आधीच दुस्वास करायची, ती माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच्या हातात असायची. पण व्रण मला दिसला नाही. तो जिजीला दिसला. त्यानं ठेच्याला हात लावणं सोडलं हे तिनं टिपलं, त्याला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवलं, आणि लहान पोराचं बघावं तसं जबडा धरून आत बघितलं. मी विहिरीवरून आले तेव्हा तिचं बोट त्याच्या तोंडात होतं.

"केव्हापासून आहे?" मी विचारलं.

"होळीपासून," तो म्हणाला. होळीपासून! एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून आम्ही जेवत होतो आणि मला हे पावसाच्या तोंडावर कळत होतं, तेही जाऊबाईंच्या बोटाकडून.

टाकणखार आणि मध झाला, धुळ्याचे डॉक्टर झाले. त्यांनी मुंबईला पाठवलं. लढाईचे दिवस होते, गाड्यांत पाय ठेवायला जागा नसे. तरी नंदुरबारहून सुरत आणि सुरतेहून मुंबई असे आम्ही दोघं गेलो. तिथल्या डॉक्टरांनी त्याची जीभ फडक्यात धरून ओढून बघितली, गळ्याच्या गाठी चाचपल्या, आणि मलाच समजावून सांगितलं, कारण तो ऐकत नव्हता. कॅन्सर आहे. जिभेत रेडियमच्या सुया खोचून काही दिवस तशाच ठेवायच्या. पण त्याआधी दात काढले पाहिजेत, सगळे. नाहीतर रेडियमनं जबड्याचं हाड कुजतं. गावाकडेच काढून घ्या, हिरड्या भरू द्या, दिवाळीनंतर या. तोवर तिखट नाही, तंबाखू नाही, बोलणं कमीत कमी.

"नंतर बोलता येईल?" मी विचारलं.

"येईल. किती स्पष्ट ते आज सांगता येणार नाही. कदाचित दुसऱ्याला कळणार नाही."

परत येताना आम्ही होडीतून तापी ओलांडत होतो. भाद्रपदाचं पाणी, गढूळ, काठोकाठ. होडीत आम्ही, नावाडी आणि एक शेळी. मी त्याला म्हणाले, "मला एक पाहिजे."

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"एकदा माझं नाव घेऊन हाक मार. अंगणात. दादा असतील, जिजी असतील, गडीमाणसं असतील तेव्हा. मुंबईला जायच्या आधी."

तो पाण्याकडे वळला. मग म्हणाला, "बरं."

"नुसतं बरं नको."

"बरं म्हटलं ना."

कुणाला वाटेल, नवऱ्याच्या जिभेला असा रोग झालेला असताना या बाईला काय सुचतंय. मला तेच सुचत होतं. तो बरा व्हावा हे मागायला देव होते, डॉक्टर होते. हे त्याच्याशिवाय कुणाकडे मागणार? आणि ती जीभ एकदा सुयांखाली गेली की मागायला काही उरेल की नाही, कोण सांगणार होतं?

गावात विहिरीवर बायकांनी निकाल लावून टाकला होता. हिनं नवऱ्याचं नाव घेतलं, तेच बाधलं. हे मला जिजीमुळे कळलं, कारण ती त्यांच्याशी भांडून आली होती. "नाव लेवावरथून जीभ सडस ते तुम्हनी बठ्ठीसनी कवयनी सडती," असं तिनं त्यांना सुनावलं होतं, "दिनभर लोकेसनी नावे लेतस!"  मी मात्र चिडले. माझी बाजू घ्यायला मी तिला सांगितलं नव्हतं. आणि वाक्य चांगलं होतं. ते मला सुचायला हवं होतं.

मग घरात तयारी सुरू झाली. मी नियम केले. सकाळ-दुपार-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. सभा बंद, पारावर बसणं बंद. बोलायचं नाही, लागेल ते पाटीवर लिहायचं. मी बाजारातून पाटी आणि पेन्सिल आणली आणि त्याच्या खाटेच्या खुराला टांगली. त्यानं मुकाट्यानं ते पाळलं. 'पाणी कोमट दे.' 'आज मीठ जास्त.' 'दादांना सांग, कपाशी निंदायला माणसं बोलवा.' अक्षर सुंदर होतं त्याचं.

पण जिजीला वाचता येत नव्हतं. त्यामुळे तिच्याशी तो बोलायचा.

हे मला चार दिवसांनी लक्षात आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. मी शिकलेली, म्हणून मला पेन्सिलीची रेघ. ती अडाणी, म्हणून तिला आवाज. डॉक्टरांनी मोजून-मापून खर्च करायला सांगितलेली जीभ सगळीच्या सगळी तिच्याकडे चालली होती. शिक्षणाचा राग आयुष्यात मला तेवढाच आला. मी लगेच उपाय काढला. दुपारी जिजीसमोर पाटी ठेवली आणि म्हणाले, "बायकांनी शिकलं पाहिजे. आजपासून तुम्हाला अक्षरं शिकवते."

"आते? या वयमा?" तिनं पेन्सिल उलटी धरली. "मन्ही बोटे शेण थापाले गयात, बाय."

"आठवड्यात वाचाल."

"आनि वाचीसन काय करसू?"

"भाऊ काय लिहितात ते कळेल."

"ते माले त्यानं तोंड दखीसन कळस," ती म्हणाली. वाईट हेतूनं नाही म्हणाली. म्हणून तर जास्त लागलं.

पितृपक्ष उलटल्यावर नंदुरबारला दात काढायला जायचं ठरलं. आदल्या दिवशी जिजीनं शेतातून ओल्या शेंगा उपटून आणल्या, काट्याकुट्यांवर भाजल्या, फुटाणे आणले, अजून कोवळा असलेला ऊसही तोडून आणला. दोघं अंगणात बसून फोडत, चावत, थुंकत होते. व्रणाची बाजू सोडून तो उजव्या दाढांनी ऊस सोलत होता आणि रस हनुवटीवरून ओघळत होता.

"खाई ले, खाई ले," जिजी म्हणत होती. "उद्यापासून तुले मन्हा सासरानागत भाकर कुस्करीसन खानी पडी."

"वैनी, तू बी ये ना मन्हा संगे. तुन्हा बी दोन दात हालतस."

"मन्हा ऱ्हाऊ दे. माले तुन्ही बायकोले चावाले लागतीन!"

दोघं हसली. मी चुलीपाशी मऊ खिचडी शिजवत होते, उद्याची सवय म्हणून. हाक मारली असती तर मीही गेले असते. हाक कुठली? त्यानं सोललेल्या शेंगांची एक मूठ आणून माझ्या हातात दिली, आणि पाटीवर लिहिलं, 'गरम आहेत.' तिला शब्द, मला पाटी.

दात तीन खेपांत निघाले. शेवटच्या खेपेनंतर तो परत आला तेव्हा गाल आत गेलेले, ओठ आत गेलेले, सत्ताविसाव्या वर्षी म्हातारा. मी आत जाऊन पाणी पिऊन आले. जिजीनं त्याच्या खिशातला रुमाल काढला, त्यात दात बांधलेले होते, ती मागच्या शिडीनं घराच्या धाब्यावर चढली आणि एकेक करून दूर फेकत राहिली. खाली उतरून मला म्हणाली, "याना पह्यला दात बी मीच फेकेल शे. उंदरेसले."

तिचं खरं होतं. त्याचा पहिला दात तिनं फेकला आणि शेवटचाही. मधले दात तेवढे माझे होते, चार वर्षांचे, आणि तेही आता धाब्यामागच्या बाभळीत पडले होते.

खाण्यातही तेच. माझी खिचडी तो दोन घास खाऊन सरकवायचा. जिजी बिबड्यांचा घाटा करायची. ज्वारीचा भिजवून दळलेला रवा मिठाजिऱ्याच्या पाण्यात शिजवायचा, पापड घालायच्या आधीचा, गरम, त्यावर तेलाची धार. तो वाटीभर संपवायचा. मी तिच्याकडे उभी राहून तो घाटा शिकले, तिच्या मापानं, तिच्या पळीनं. त्यानं एक चमचा खाल्ला आणि पाटीवर लिहिलं, 'चांगला झालाय.' वाटी संपवली नाही.

मी वाट बघत होते. दसरा झाला. सोनं वाटायला सगळा गाव अंगणात आला, दादा होते, जिजी होती, गडी होते. यापेक्षा चांगली वेळ कुठली? त्यानं आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली आणि गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी पाटी माझ्यासमोर धरली. त्यावर माझं नाव लिहिलेलं होतं, मोठ्या, घोटीव अक्षरात. मी पदराच्या टोकानं ते पुसून टाकलं.

"लिहिलेलं चालणार नाही. हाक म्हणजे हाक."

त्यानं पाटी परत टांगली.

त्यानंतर त्याचं दुपारी गोठ्यात जाणं सुरू झालं. जिजी तिथे शेण भरायला असायची. मी ओसरीवर कापूस निवडत बसायची, आणि मला गोठ्यातून कुजबुज ऐकू यायची. शब्द नाही कळायचे. त्याचा दबका, ओठांतून निसटणारा आवाज, मग तिचा, मग पुन्हा त्याचा, आणि मग तिचं ते हसणं. मी उठून गेले की दोघं गप्प. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवायला लागायचा, ती टोपलीत शेण भरायला लागायची. रोज हेच. मुंबईला जायचे दिवस जवळ येत होते. मला मिळायचं होतं ते एक नाव मिळत नव्हतं, आणि तिथे गोठ्यात टोपलीनं शब्द चालले होते.

दिवाळीच्या सारवणाला मी जिजीला गाठलं. आम्ही दोघी ओसरी सारवत होतो, तोंडं भिंतीकडे.

"जिजी, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय."

"माले मालूम शे."

"मग गोठ्यात काय चालतं?"

तिचा हात थांबला. "काही नही. भाऊ ते भाऊ शे. बोलस दोन शब्द."

"ते दोन शब्द माझे आहेत."

"तुन्हाच नवरा शे, बाय. कोनी लई नही जात."

"नेलंय की तुम्ही. आधीच. मी यायच्या आधीच सगळं नेलंय. त्याचा दात तुमचा, त्याचा घाटा तुमचा, त्याचा रोगसुद्धा आधी तुम्हाला दिसला. मग मुंबईलाही तुम्हीच जा ना त्याच्यासंगे!"

ती माझ्याकडे वळली. शेणाचे हात पुढे धरून, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "जाती मी. पन माले रेलगाडीनं भ्या वाटस." आणि पुन्हा सारवायला लागली. थोड्या वेळानं, भिंतीकडे बघतच, "रागे नको भरू. थोडी कळ काढ."

मला तिची दया नको होती आणि तिची 'कळ काढ' तर मुळीच नको होती. त्या रात्री मी मनाशी ठरवलं की आता मागायचं नाही. मागून मिळालेली हाक काय कामाची?

भाऊबीज झाली, आणि निघायची सकाळ आली. गाडी अंगणात जुंपून उभी. आळीतली माणसं जमलेली. दादा खाटेवर, पायात चपला. जिजीनं त्याच्या हातावर दही ठेवलं. मी आत माजघरात वळकटी बांधत होते.

तेव्हा बाहेरून माझं नाव आलं.

पूर्ण, मोठ्यानं, अंगणाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत पोचेल असं. सभेत असायचा तोच आवाज. मी उंबऱ्यात आले. तो गाडीच्या चाकाला हात धरून उभा होता.  दादा जमिनीकडे बघत होते, पण उठून गेले नाहीत. त्यानं पुन्हा हाक मारली, नाव घेऊन, आणि पुढे, "चल."

माझ्या नावात दोन अक्षरं अशी आहेत की जीभ दातांना टेकल्याशिवाय ती उमटत नाहीत. त्याला दात नव्हते. दात गेल्यापासून त्याला 'दादा' नीट म्हणता येत नव्हतं, 'दही' म्हणता येत नव्हतं. आणि माझं नाव मात्र स्वच्छ आलं, एकेक अक्षर जागच्या जागी. हे कसं, असं माझ्या मनात आलं, आणि त्याच वेळी माझी नजर जिजीवर गेली. ती त्याच्या मागे उभी होती. दुसऱ्यांदा त्यानं हाक मारली तेव्हा तिचेही ओठ हलले. त्याच्याबरोबर, अक्षराला अक्षर, पाठ म्हणून घेणाऱ्या बाईसारखे.

गोठ्यातली कुजबुज काय होती ते मला तिथे, उंबऱ्यात, सगळ्या आळीसमोर कळलं.

"नाव बरोबर उनं ना?" तिनं मला विचारलं. तिचा चेहरा फुलला होता.

मी तिच्या पाया पडले, रीत म्हणून, आणि गाडीत चढले.

 होडी निम्म्या पात्रात आली तेव्हा मी म्हणाले, "रोज दुपारी तेच चालायचं?"

त्यानं मान हलवली. पाटी वळकटीत होती, त्यामुळे त्याला बोलावं लागलं. "येत नव्हतं."

"मग माझ्यापाशी का नाही आलास?"

तो शब्द जुळवत राहिला. हिरड्यांवर जीभ घासत होती, दुखत असणार. "तू पुसलं असतंस," तो म्हणाला.

पुसलं असतं, हे खरं आहे. तरी पुसायचा हक्क माझा होता. चुकलेलं, फुटकं, अर्धवट, थुंकी उडालेलं, जे काही गोठ्यात त्या तोंडातून पहिल्यांदा निघालं, ते सगळं माझं नाव होतं, आणि ते तिनं ऐकलं. मला आलं ते घासूनपुसून तयार झालेलं. तिनं पसंत केलेलं.

"मला ती चुकलेली नावं पाहिजेत," मी म्हणाले.

नावाडी दुसरीकडे बघत होता. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की आता ही काय मागते आहे. मग तो हसला, दात नसलेलं तोंड उघडून, आणि घाई न करता, मुळीच काळजी न घेता माझं नाव म्हणाला. ते अगदीच वाकडं आलं. पुन्हा म्हणाला, आणखी वाकडं. सुरतेच्या गाडीत, दोन गाठोड्यांच्या मध्ये अवघडून बसून, तो मधूनमधून ते म्हणत राहिला, जसं येईल तसं. समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, "यांना काही हवंय का?" मी म्हणाले, "नाही, मला बोलावताहेत."

सुया झाल्या. व्रण भरला. जीभ आखडली, लाकडासारखी झाली, पण माणूस घरी आला. सभा संपल्या. त्याचं बोलणं आता आळीत कुणाला कळत नाही, दादांनाही नाही. त्यांना तो पाटीवर लिहून देतो.

संध्याकाळी शेतातून आला की तो अंगणातूनच मला हाक मारतो, नावानं. परक्याला वाटेल माणूस खोकला. मी चुलीपाशी ऐकते आणि उठते. पण पदर सावरून उंबऱ्यापर्यंत येते न येते तोच गोठ्यातून जिजीचा आवाज येतो,

"व बाय, तुले बलाई ऱ्हायना!"

"कळलंय मला!" मी ओरडते.

रोज ओरडते.